तंबोऱ्याची घोडी बदलताना: हाड, आबनूस की डेल्रिन?

तंबोरा छेडला की तार घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पुलाच्या, पाठीला चाटत कंप पावते. या पाठीवर हाडाची किंवा दुसऱ्या कशाची पट्टी बसवलेली असते. ही पाठ सपाट दिसते, पण पुढच्या अंगाला तिला अगदी हलका उतार असतो. त्या उतारावर तार टेकण्याची जागा सतत मागेपुढे सरकते आणि त्यातूनच वरचे स्वर उमलतात. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडलेला गंधार, ऐकू येतो तो याच उतारामुळे. या उतारालाच आणि त्यातून येणाऱ्या झंकाराला जवारी म्हणतात. रोजच्या रियाजाने तारा पाठीत खाचा पाडतात. मग तार खाचेत अडकून बसते, आवाज कोरडा होतो किंवा नुसता चिरचिरतो. जवारी गेली म्हणतात ती ही.

अशा वेळी लगेच नवी घोडी घ्यायला धावू नका. आधी तारा बदला, कारण गंजलेल्या तारेवर कुठलीच जवारी बोलत नाही. मग जीवा, म्हणजे तारेखालचा सुती दोरा, मागेपुढे सरकवून पाहा. चारही तारा दोरा साधारण एकाच जागी असताना खुलत असतील तर पाठ ठीक आहे. एकच तार खुलत नसेल तर तिच्याखाली नख फिरवा, खाच हाताला लागेल. बहुतेक वेळा ती जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन पोलादी, तारांखाली खोल असते, कारण पोलाद पितळेपेक्षा कठीण. खाच उथळ असेल तर पाठ घासून जवारी पुन्हा लावता येते. जवारी बऱ्याचदा लावून वरची पट्टी दोनेक मिलिमीटरच उरली असेल, तिला तडा गेला असेल किंवा ती खालच्या लाकडापासून सुटली असेल, तरच घोडी बदला.

आता वरची पट्टी कशाची घ्यायची? पूर्वी सांबरशिंगाला पहिली पसंती असे. आता त्याचा विचारच नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याचा व्यापार चालत नाही. 'जुना साठा आहे' असं कुणी सांगितलं तरी घेऊ नका. बाजारात मिळतं ते बहुधा उंटाचं हाड.

हाडाचा आवाज खुला, उजळ आणि दूर जाणारा. मैफलीत गायकाच्या मागे दोन तंबोरे झंकारतात तेव्हा हवा असतो तो हाच नाद. पण हाड सगळीकडे सारखं घट्ट नसतं. मधल्या भागात बारीक छिद्रं असली तर तिथे तार लवकर रुतते आणि त्या एका तारेची जवारी इतरांच्या आधी जाते. घेण्यापूर्वी पट्टी खिडकीकडे धरून तिरप्या उजेडात पाहा. टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके तारांच्या वाटेवर दिसले तर दुसरी मागा. परदेशी नेणार असाल तर काही देशांत प्राणिज वस्तूंची चौकशी होते, तेव्हा घोडी कशाची आहे ते बिलावर लिहून घ्या.

आबनुसाचा नाद गोल, थोडा मिटलेला. बायकांच्या पट्टीच्या, म्हणजे पेटीच्या काळी चार-पाचच्या सुरातल्या तंबोऱ्यावर पोलादी तारांचा चटका त्यामुळे कमी होतो आणि घरच्या रियाजाला तो कानाला सुखाचा वाटतो. पण लाकूड पोलादापुढे लवकर झिजतं, जवारी वरचेवर लावावी लागते. शिवाय ते दमट हवा ओढतं. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याने हे आधी धरून चालावं: उन्हाळ्यात लावलेली जवारी आषाढात तशीच राहील याची खात्री नाही. जवळपास कारागीर असेल तरच आबनूस घ्या.

डेल्रिन हे कठीण, गुळगुळीत प्लास्टिक. त्याला छिद्रं नाहीत, रेषा नाहीत, पावसाळ्याचा त्याच्यावर जवळजवळ परिणाम नाही. नादात हाडाची धार थोडी कमी पडते, पण चारही तारा एकसारख्या वागतात. याची अडचण जोडणीत आहे. डेल्रिनला साधा डिंक नीट धरत नाही, त्यामुळे पट्टी नुसती चिकटवली असेल तर ती कधीतरी सुटते आणि दोष जवारीचा नसताना खरखर येते. खालच्या लाकडात ती खिळ्यांनी किंवा स्क्रूने बसवली आहे का, हे विचाराच. घासताना कानस जोरात चालवली तर ते तापून कडेला तुसं निघतात, म्हणून हात हलका आणि सावकाश हवा.

कुठल्याही घोडीचा निम्मा नाद तिच्या पायांत असतो, आणि हे काम सगळ्यात जास्त हयगयीने होतं. वर्षानुवर्षांच्या ताणाने तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी जिच्यावर घोडी उभी असते, मधोमध किंचित दबते. नव्या घोडीचे सपाट पाय तिच्यावर नुसते कडेला टेकतात. पायाखाली कार्बन पेपर शाईची बाजू वर करून ठेवा, घोडी दाबून थोडी हलवा: डाग फक्त कडांना उमटले तर पाय बसलेले नाहीत. मग तबलीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून पसरायचा आणि कार्बनने पुन्हा तपासत, डाग पायभर उमटेपर्यंत घोडी त्यावर घासायची. म्हणूनच टपालाने तयार घोडी मागवून परस्पर ठेवून दिली तर फसगत होते. तंतुवाद्यांच्या कारागिरांसाठी प्रसिद्ध मिरजेला काम द्यायचं असेल (तिथल्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे) तर घोडी नव्हे, आख्खा तंबोरा न्या. जवारी त्याच वाद्यावर, त्याच तारांवर, तुमच्या नेहमीच्या पट्टीत लावून घ्या. काळी एकला लावलेली जवारी पांढरी चारला तशी बोलत नाही.

घरी घोडी काढायची वेळ आलीच तर तारा सैल करण्यापूर्वी तिच्या पायांभोवती पेन्सिलीची बारीक रेघ मारा. बहुतेक तंबोऱ्यांत ती फक्त तारांच्या ताणावर उभी असते. ताण गेला की सरकते आणि मूळ जागा हरवते.

मैफलीत वाजणारा तंबोरा असेल आणि वर्षाकाठी कारागिराकडे जाणं जमत असेल तर हाड घ्या. घरचा रियाज असेल, कान चटक्याने दुखत असतील आणि कारागीर गावातच असेल तर आबनूस. पुणे-मिरजेपासून लांब, दुबईत किंवा न्यू जर्सीत राहून शिकत असाल, तर डेल्रिन घ्या, आणि सुट्टीत आलात की तंबोरा सोबत आणून पाय नि जवारी एकाच बैठकीत बसवून घ्या.