फियाटला बसवलेला इलेक्ट्रिक पंप, कोल्हापूरचं संमेलन आणि कापलेले पाच मार्क

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) गाडीला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप जरूर बसवा, पण दाब आटोक्यात ठेवायची सोय केल्याशिवाय नको. जुन्या गाड्यांच्या आमच्या क्लबच्या राष्ट्रीय संमेलनालाही एकदा जाऊन या, फक्त बक्षिसाची आशा घरी ठेवा. एवढं पुरत असेल तर पुढे वाचू नका, कारण पुढे मला मुख्यतः तिथे माझ्या गाडीला मिळालेल्या एका गुणपत्रिकेबद्दल बोलायचं आहे. ती हातात पडली नसती तर हा अनुभव लिहायच्या फंदात मी पडलोच नसतो. त्यावर निळ्या पेनने लिहिलंय: 'पंप मूळचा नाही, वजा 5.'

गाडी पद्मिनी, काकांकडून आलेली, स्टिअरिंगवर गिअर, पुढे सलग सीट. 1089 सीसीच्या त्या इंजिनाची ओळख मुंबईत करून द्यायची गरज नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून ही गाडी आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी अशा नावांनी निघत राहिली, आणि आपण शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिलो. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. तोवर सिग्नलला लोक खिडकीशी वाकून 'दादर?' विचारायचे (माझी गाडी क्रीम रंगाची आहे, तरीही). आता काच खाली करून 'विकायची का?' विचारतात.

हिचं जुनं दुखणं एकच: ऊन तापलं की ही हवा धरते. मूळचा पंप, ज्याला मेकॅनिक मंडळी एसी पंप म्हणतात, तो इंजिनालाच चिकटून बसतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीत दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं, त्यात पंप स्वतःच इंजिनाच्या उष्णतेत भाजत असतो. नळीत वाफ झाली की पंप वाफच ओढत बसतो आणि गाडी भर रस्त्यात खोकून बंद. यावरचा पिढीजात उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं आणि दहा मिनिटं शांतता. सायन सर्कलला दुपारी एक वाजता बॉनेट उघडून फडकं पिळणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तर तो मी असण्याची शक्यता बरीच आहे.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, मागे आणि खाली बसतो. तो पेट्रोल ओढत नाही, पुढे ढकलतो. नळीभर दाब राहतो, वाफ सहज धरत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. ऑनलाइन 1,350 रुपयांना मिळाला. कंपनीचं नाव देत नाही, कारण डब्यावर जे नाव होतं ते पंपावर नव्हतं आणि बिलावर तिसरंच होतं. डब्यावर 'सर्व गाड्यांसाठी योग्य' असं ठळक छापलेलं. दाब किती, याचा पत्ता नाही. कार्ब्युरेटरला साधारण अडीच ते चार पीएसआय पुरतो. त्याहून जास्त दाब आला तर फ्लोटची नीडल (कार्ब्युरेटरमधल्या तरंगत्या गोळ्याची सुई, जी भरल्यावर वाट बंद करते) पेट्रोल रोखू शकत नाही आणि सगळं वरून वाहायला लागतं. कस्टमर केअरला फोन लावून दाब विचारला, तर मुलीने गाडीचं मॉडेल विचारलं. 'पद्मिनी' म्हटल्यावर म्हणाली, 'सर, ती लिस्टमध्ये नाही.' मग सर्व गाड्या म्हणजे कोणत्या? यावर तिने मला रेटिंग द्यायला सांगितलं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या चाचांनी पंप बसवला. बसवण्याआधी त्यांनी जे केलं ते महत्त्वाचं, म्हणून सविस्तर लिहितो. इग्निशन चालू आहे तोवर इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ढकलत राहतो. इंजिन बंद पडलेलं असो, गाडी ठोकलेली असो, पुढे नळी फाटलेली असो. म्हणून त्यांनी पंपाची वायर ऑइल प्रेशरच्या स्विचमधून रिले (करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) टाकून नेली. इंजिन थांबलं, ऑइलचा दाब गेला की पंप बंद. चालू करताना स्टार्टरमधून तात्पुरता करंट मिळतो. याचे चाचांनी चारशे घेतले. तुमचा मेकॅनिक 'काही गरज नाही' म्हणाला तर मेकॅनिक बदला. दाबाबद्दल मात्र चाचा मान हलवत राहिले. 'साब, पंप अच्छा है, मगर ज्यादा ही अच्छा है.'

ते खरं निघालं. पावसाळाभर शहरात गाडी एकदाही हवा धरून थांबली नाही, पण सिग्नलला उभी असताना पेट्रोलचा वास यायचा, प्लग काळे पडायचे. ॲव्हरेज बारा-तेराचं होतं ते अकराच्या खाली आलं. चाचांनी फ्लोटची पट्टी वाकवून पातळी खाली आणली, त्याने थोडा फरक पडला. शिवाय आवाज. मागून सतत टकटकटकटक. बायको म्हणाली, 'कोणीतरी डिकीत बसून दार ठोठावतंय.' पंपाखाली रबरी बुश टाकल्यावर तिने तो विषय सोडला. मला तो आवाज आता आवडतो. चालू आहे हे कळतं.

एवढ्या तयारीवर फेब्रुवारीत क्लबच्या वार्षिक संमेलनाला निघालो. ठिकाण कोल्हापूर, देशभरातून गाड्या येणार, आणि पत्रकात मोठ्या अक्षरात 'रोड ट्रिप'. नोंदणी जोडप्याला 7,500, त्यात दोन टी-शर्ट, एक स्टिकर, दोन रात्रींचं जेवण आणि प्रदर्शनातली जागा. टी-शर्टची मापं विचारून घेतली होती, तरी सगळ्यांना एक्सेल मिळाला. टोलचा हिशोब त्यामानाने समाधानकारक: वाशीला हलक्या गाड्यांना 2024 च्या ऑक्टोबरपासून टोल नाही, आणि पुण्यापुढे खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे चारही नाके तेव्हा 3,000 ला असलेल्या वार्षिक फास्टॅग पासमध्ये बसले. पास मी असाही घेतला असता. एक्स्प्रेस-वेला तो चालत नाही, पण आम्ही एक्स्प्रेस-वेला जाणारच नव्हतो.

सकाळी सहाला पनवेलला जमायचं ठरलं होतं, ते जमता जमता नऊ वाजले, त्यामुळे खोपोलीला पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. माझ्या दृष्टीने ट्रिपचा खरा भाग एवढाच: जुन्या हायवेने बोरघाट. शिंगरोबाच्या देवळाशी सगळ्यांनी नाणं टाकलं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराला नमस्कार केल्याशिवाय जुने ड्रायव्हर गाडी वर चढवत नाहीत. पुढे दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे, तापमानाचा काटा चढत असताना मी वाट बघत होतो ती खोकण्याची. नाही आली. खंडाळ्यापर्यंत एका दमात. मागे आमच्याच ताफ्यातल्या दोन फियाट बाजूला लागल्या होत्या आणि त्यांच्या बॉनेटखाली फडकी गेली होती. मी थांबून पाण्याची बाटली दिली. आनंद झाला नाही असं म्हणणार नाही.

पुणे, खंबाटकी, सातारा, कराड. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, रस्त्याचं काम आणि धूळ. पण कोल्हापुरात शिरताना, संध्याकाळच्या गर्दीत, गाडी ओव्हरफ्लो व्हायला लागली. वास इतका की बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तेव्हा माझं पंपाबद्दलचं मत एका स्टारवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजी उद्यमनगरला गेलो. कोल्हापूरची फाउंड्री आणि लेथची कामं आपण ऐकून असतो. प्रत्यक्ष बघितल्यावर कळतं की तिथे 'पार्ट मिळत नाही' हे कारण चालत नाही. एका शेडमधल्या मालकांनी बॉनेटमध्ये वाकून एक प्रश्न विचारला, 'जादाचं प्याट्रोल परत जायला वाट कुठाय ओ?' वाटच नव्हती. त्यांनी कार्ब्युरेटरच्या अलीकडे नळीत एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवली, तिच्या एका फाट्यात पितळेचा छोटा जेट लेथवर तासून घातला, भोक दीड मिलिमीटर, आणि तिथून टाकीच्या फिलरच्या गळ्यापर्यंत परतीची नळी टाकून दिली. कार्ब्युरेटर हवं तेवढं घेतो, उरलेलं टाकीत परत. दाब आपोआप उतरतो, आणि पेट्रोल सतत फिरत राहिल्यामुळे पुढच्या नळीत तापत पडत नाही, म्हणजे हवा धरण्याची भीती आणखी कमी. ऑनलाइन रेग्युलेटर दोन हजारांच्या घरात होता. इथे नळीसकट 380 रुपये झाले, आणि जेटचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत, उलट चहा पाजला. पंप परत चार स्टारवर.

ही दुरुस्ती करून मी अभिमानाने प्रदर्शनात गाडी लावली. परीक्षकांनी बॉनेट उघडलं, पितळेची टी बघितली, इंजिनावरची पंपाची रिकामी जागा बघितली, आणि वजा 5. मी सांगायचा प्रयत्न केला की मूळ पंप डिकीत आहे, स्पेअर म्हणून. 'डिकीतला धरत नाही.' बरं. मग पहिला नंबर कोणाला? पन्नासच्या दशकातली एक 'डुक्कर' फियाट, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, रंग आरशासारखा. ती कर्नाटकातून फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी लादून नेणाऱ्या ट्रकवर, आली होती. मैदानाच्या फाटकाशी उतरवली, ढकलत रांगेत आणली, बक्षीस घेऊन परत फ्लॅटबेडवर. टायरच्या खोबणीत एक खडा नाही.

आता मला सांगा, पत्रकावर रोड ट्रिप कशाला छापली? मुंबईहून पावणेचारशे किलोमीटर स्वतःच्या चाकांवर आलेल्या गाडीला त्या अंतराचा एकही मार्क नाही. शंभर मार्कांत रंग, क्रोम, सीटचं कापड, मूळ हॉर्न, मूळ लोगो, सगळ्याला रकाने आहेत. 'आली कशी' याला रकाना नाही. इंदूरहून एक गृहस्थ पद्मिनी चालवत आले होते, बंपर दोरीने बांधलेला. त्यांना बंपरचे मार्क गेले. दोरी का बांधली हे कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी जेवणाच्या रांगेत (पनीर बटर मसाला! कोल्हापुरात! याचे पैसे आम्ही भरले होते) त्या डुक्करचे मालक माझ्या पुढे होते, सत्तरीचे. मी जरा तिरकसच विचारलं, गाडी चालते ना? शांतपणे म्हणाले, चालते, गावात रोज चालवतो. पण पुढची काच आता कुठेच मिळत नाही. हायवेला पुढच्या ट्रकच्या चाकातून एक खडी उडाली की संपलं. हे मला पटलं. माझ्या गाडीची काच आजही सीएसटी रोडला शोधली तर मिळते. त्यांची मिळत नाही. ते फ्लॅटबेडचं भाडं हौसेने भरत नव्हते. तेव्हा फ्लॅटबेडवाल्यांबद्दलचा माझा राग तिथे बराचसा उतरला. परीक्षकांबद्दलचा तसाच आहे. दोन गट करा: चालत आलेल्या आणि उतरवलेल्या. मूळपणाचे मार्क दोघांनाही ठेवा, पण पहिल्या गटात वाटेसाठी केलेल्या बदलाला शिक्षा नको. नंतर आम्ही दोघं आपापल्या बायकांना घेऊन बाहेर गेलो आणि तांबडा-पांढरा जेवलो. संमेलनातली सगळ्यात चांगली संध्याकाळ तीच, आणि तिचे पैसे वेगळे पडले.

शेवटच्या दिवशी पन्हाळ्याची फेरी होती, वीसेक किलोमीटर आणि वर चढ. माझी गाडी गेली आणि आली. पहिला नंबर मिळवलेली गाडी अर्थात नव्हती आली.

मुंबईत परतल्यापासूनचं थोडक्यात: वास गेला, प्लग विटकरी रंगाचे यायला लागले, ॲव्हरेज साडेबारा. मे महिन्यातही ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला दुपारी फडकं लागलं नाही. एक खर्च राहिला होता तो केला: सगळ्या जुन्या रबरी नळ्या बदलल्या. आता पेट्रोल भरायला गेलं की जे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं ते जुनं रबर फुगवतं आणि मऊ करतं, आणि दाबाखालची नळी फुटली तर पेट्रोल गरम इंजिनावर उडतं. नळीवर 'आर 9' (इंधनाच्या नळीचा दर्जा) छापलेलं बघून घ्या, मीटरमागे महाग पडते, पण यात काटकसर नको. हे मी म्हणतोय, म्हणजे समजा. मूळच्या पंपातला डायाफ्राम, म्हणजे आतला पडदाही, रबरीच असतो. ज्यांना पाच मार्क प्रिय आहेत त्यांनी तो तरी बदलून घ्यावा.

पंप चार स्टार. एक कापला तो डब्यावर दाब न छापल्याबद्दल, आणि पंप विकणाऱ्यांनी अजून माझ्या ईमेलला उत्तर दिलेलं नाही त्याबद्दल. संमेलनाला अडीच: दोन लोकांचे, अर्धा मैदानातल्या सावलीचा. दोन गटांची मागणी मी क्लबला लेखी पाठवली आहे आणि 'कमिटीत ठेवू' असं उत्तर आलं आहे. पुढचं संमेलन मध्य प्रदेशात घ्यायचं चाललंय. सदस्यत्वाची वर्गणी भरली. संमेलनाची फी मार्कांचा नवा तक्ता हातात आल्यावर भरीन, आणि टी-शर्ट नको म्हणून तेवढे वजा करून.