आशाताईंचा 'लेगसी': फॅन असाल तर हा सोडू नका

आशाताईंचा फॅन म्हणवणाऱ्या कुणालाही विचारा, गाडी 'दम मारो दम'वरून सुटते ती 'ऋतू हिरवा'पर्यंत येऊन थांबते. मीपण त्यातलाच, श्रीधर फडक्यांची ती कॅसेट आमच्या घरी घासून घासून पार गेलेली. पण 1996 ला सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँसाहेबांसोबत त्यांचा 'लेगसी' नावाचा अल्बम आला, ग्रॅमीचं नॉमिनेशनपण मिळालं, आणि आपल्याकडे त्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही. मी आत्ता कुठे नीट बसून पूर्ण ऐकला आणि तेव्हापासून दुसरं काही लावलेलंच नाही.

मुघल दरबारातल्या जुन्या रचना आहेत, खाँसाहेबांकडे वडिलांकडून म्हणजे बाबा अल्लाउद्दीन खाँकडून आलेल्या, तबल्यावर स्वपन चौधरी. साठी ओलांडलेली, हजारो गाणी गाऊन बसलेली बाई कॅलिफोर्नियाला जाऊन शागीर्द म्हणून समोर बसते, हेच मला भारी वाटतं. आणि तसंच गायल्यात. तो नेहमीचा नखरा, ती लाडिक हरकत, सगळं गुंडाळून ठेवलंय. हेडफोन लावून ऐका, ओळ संपताना शेवटचा सूर त्या झटकून सोडत नाहीत, अलगद खाली ठेवतात आणि खाँसाहेब बरोब्बर तिथूनच सरोदवर उचलतात, पण एवढं हळू की पहिल्यांदा ऐकताना कळतपण नाही. बाई मास्टर दीनानाथांची लेक आहे ते इथे ऐकू येतं, फिल्मी गाण्यात ते झाकलं जातं राव.

तक्रार एकच, रचना छोट्या आहेत. रंग चढतोय म्हणेपर्यंत संपतं. ख्यालाचा विस्तार, म्हणजे एकच राग निवांत फुलवत नेणं, ऐकायची सवय असलेल्यांना चुटपुट लागणार.

त्याच नादात 2005 चा क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकन व्हायोलिन-चेलोवाल्या चौकडीबरोबरचा अल्बमपण परत काढला. सगळी पंचमदांची (आर. डी. बर्मन) गाणी, तबल्याला झाकीरभाई (झाकीर हुसेन) आहेत, कल्पना झकास, पण काही ठिकाणी व्हायोलिनांची एवढी दाटी की बाईंना जागाच देत नाहीत. 'मेरा कुछ सामान' मात्र सत्तरीतल्या आवाजात वेगळंच लागतं, मूळ फिल्ममधलं गाणं तक्रार करत होतं, हे नुसतं सांगतंय. तेवढ्यासाठी ऐका.

'लेगसी' ॲपवर ऐकणार असाल तर शफल बंद करा, माझ्या ॲपने दोन रचनांच्या मधे खुशाल कॅब्रे साँग घुसवलं. शिवाय राग कुठला, ताल कुठला, काही लिहिलेलं नसतं तिथे. जुन्या बाजारात सीडी दिसली तर घासाघीस न करता उचला. माझ्याकडून 'लेगसी'ला साडेचार स्टार, क्रोनॉसवाल्याला तीन, तेपण बाईंकडे बघून.

आणि हो, गुलजार-पंचमचा 1987 चा 'दिल पडोसी है' कुणाकडे ओरिजिनल कॅसेटमधे असेल तर सांगा, माझा डेक अजून चालू आहे.