आठ महिने गिटार, वही आणि 25 मिनिटांचा गजर: वापरानंतरचा अनुभव

दसऱ्याला गिटार घेतली तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: "गणपतीपर्यंत दहा गाणी." आता ज्येष्ठ संपत आला. एक गाणं धड येतं, दुसरं मधेच अडखळतं.

मी बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपला, शिफ्टची नोकरी. हात राठ, म्हटलं तारा काय करणार? पण राठ असतात ते तळहात, बोटांची टोकं कोवळीच. त्यात माझा सराव म्हणजे आठवडाभर काही नाही आणि रविवारी सलग दोन तास. सोमवारी मायक्रोमीटर धरला की टोकं झणझणायची, बुधवारपर्यंत गिटारकडे बघवत नसे.

मग रोज 25 मिनिटांवर आलो. पाच सूर लावायला आणि बोटं मोकळी करायला, दहा एकाच कॉर्ड-बदलाला (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे तीन-चार सूर), दहा गाण्याला. वहीत गाण्यांऐवजी आकडे. सी कॉर्डवरून जी कॉर्डवर मिनिटात किती वेळा स्वच्छ जातो? पहिल्या दिवशी 11, तीन आठवड्यांनी 32. एक जरी तार बुजली तरी तो बदल रिजेक्ट, कारखान्यात मोजतो तसं.

एफ कॉर्डनं मात्र दीड महिना खाल्ला. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं, तेही पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या घरात, नटला (तारा ज्या खाचांतून जातात त्या टोकाच्या पट्टीला) लागून, जिथं तार सगळ्यात ताठ. तोच आकार पाचव्या फ्रेटवर बसवला आणि दर आठवड्याला एकेक घर खाली आलो, तेव्हा जमायला लागलं. तरी पहिल्या घरात आवाज मरायचाच. दुकानदार म्हणाला, "सराव करा की ओ, होतंय." दुसऱ्या एका कारागिराला दाखवली तर नटच्या खाचा उंच राहिलेल्या. त्यानं कानशीनं जरा खोल केल्या, निम्मं दुखणं गेलं. सेटिंग न बघता ऑपरेटरला बोलायचं, ते इथंही आहेच.

दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात घरी यायला साडेअकरा. आई झोपलेली, म्हणून ब्रिजजवळ, तारा खाली जिथं बांधलेल्या असतात तिथं, तारांखाली रुमाल सरकवतो आणि मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून दहाच मिनिटं. त्या आठवड्यात नवं काही हाती घेत नाही, आहे तो आकडा राखायचा.

तक्रार आहे ती माझ्याच वहीबद्दल. सगळे आकडे डाव्या हाताचे! अनगोळला भाचा गायला बसला तेव्हा कॉर्ड वेळेवर पडत होते, पण उजवा हात धावत सुटला. पोरगं गाणं सोडून माझ्याकडे बघत बसलं. तेव्हापासून बदलाच्या दहातली पाच मिनिटं फक्त स्ट्रमिंगला, म्हणजे उजव्या हातानं लयीत तारा छेडायला. पावसाचंही सांगतो: आपल्याकडची दमट हवा लागली की लाकूड फुगतं, तारा वर उचलल्यासारख्या होतात. वाजवून झालं की पिशवीत, आत सिलिकाच्या पुड्या.

आई परवा म्हणाली, "अरे, तेच तेच काय घासतोस? एखादा अभंग तरी लाव की." पहिल्या पानावरचं "दहा" खोडून "दोन" केलंय. पुढं लिहिलंय: दुसरा आईचा अभंग, 70 ची लय, न धावता.