मोहाखाली खराटा की जाळी?

मोहाची फुलं गळून खाली पडतात आणि तिथूनच वेचावी लागतात. म्हणून मोह फुलायच्या आत झाडाखालची जागा तयार करावी लागते, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं काडी लावली जाते, म्हणजे पाला जाळला जातो. जाळणं या तुलनेत घेतलेलं नाही, कारण त्यात जमेची बाजू एकच आहे: अर्ध्या तासात जमीन उघडी होते. मोहाची बी फार दिवस टिकत नाही. जून-जुलैत पडली की त्याच पावसात उगवते आणि ते वीतभर रोप पुढच्या मार्चात आगीत जातं. दरवर्षी जाळल्या जाणाऱ्या झाडांखाली म्हणूनच म्हातारे मोह दिसतात, पोरगे दिसत नाहीत. शिवाय एका झाडाखालची आग त्या झाडाखालीच राहत नाही. वारा आला की चारोळी, आवळा, तेंदूची कोवळी रोपं, सगळं घेऊन जाते.

उरतात दोन मार्ग. खराट्यानं झाडणं किंवा जाळी बांधणं.

झाडण्याला पैसा लागत नाही, ही त्याची मोठी बाजू. फांद्यांच्या पसाऱ्यापेक्षा हातभर जास्त गोल झाडून घ्यायचा. पाला बुंध्याशी रचायचा नाही. बाहेर ओढून पातळ पसरायचा, म्हणजे चुकून ठिणगी पडली तरी झाडाला झळ बसत नाही. उगवलेली रोपं दिसली तर खराटा त्यांच्या भोवतीनं फिरवायचा आणि शेजारी काटकी रोवून ठेवायची. अडचण अशी की मोहाची आणि आजूबाजूच्या सागाची पानगळ याच दिवसांत चालू असते. एकदा झाडून भागत नाही, दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा झाडावं लागतं. सात-आठ झाडं असलेल्या घरात हे काम बहुधा बाईच्याच वाट्याला येतं, तेही फुलं वेचण्याच्या वर.

जाळीला आधी खर्च आहे आणि बांधणी नीट हवी. रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट चालते. मासेमारीची जाळी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. तिच्या बारीक दोऱ्यात साप, घोरपडी, पाखरं अडकतात. झाडाच्या पसाऱ्याचा व्यास 10 मीटर असेल तर खालची जागा 78 चौरस मीटरच्या आसपास भरते. 6 बाय 6 ची एक जाळी म्हणजे 36, तेव्हा एका मोठ्या झाडाला दोन तुकडे लागतात आणि तरी कडा उघड्या राहतात. त्या तशाच राहू द्याव्यात. चितळ, अस्वल, पाखरं या फुलांवर येतात, त्यांचाही वाटा त्यात निघतो.

दोन्ही तुकड्यांना बुंध्यापाशी अर्धगोल काप द्यायचा. भोवती कमरेइतक्या उंचीचे बांबूचे खुंट रोवायचे, मधे सुतळीनं बुंध्याला सैल बांधायचं. खिळा ठोकायचा नाही. ताण महत्त्वाचा. जाळी पोटात लोंबली की रात्रभराची फुलं एका जागी ढीग करून बसतात, खालची चेपतात आणि ऊन चढायच्या आत आंबायला लागतात. ताणलेली असली तर फुलं पसरलेली राहतात, परागकण आणि बारीक कचरा खाली गळून जातो.

आमचा कल जाळीकडे गेला तो मात्र एका बारीकशा त्रासामुळे: फुलातली कचकच. मोहाचं फूल रसाळ आणि चिकट. मातीवर पडलं की बारीक वाळू त्याच्या पाकळीला धरून बसते. ती धुऊन काढावी तर गोडवा पाण्याबरोबर जातो आणि फूल वाळायलाही उशीर लागतो. झाडलेल्या जागेवर शेणसडा टाकून पाहतात. धूळ कमी होते, पण मग शेणाचे कण चिकटतात. वाळल्यावर पाखडलं तरी ही वाळू सुटत नाही. भाकरीत, लाडवात ती दाताखाली येते, आणि व्यापारी मूठभर फुलं हातात चोळून भाव पाडतो. केंद्रानं 2020 मध्ये सुक्या मोहफुलांची किमान आधारभूत किंमत किलोला 30 रुपये केली, पण खाण्याजोगा स्वच्छ माल त्याहून वरच्या भावाला मागितला जातो, आणि तो जमिनीवरून उचललेल्या फुलांतून क्वचितच निघतो. मोजमाप केलेलं नाही, पण जाळीवरची आणि झाडलेल्या जमिनीवरची फुलं शेजारी ठेवली की फरक रंगावरूनच कळतो.

दुसरा फायदा जिवाशी जोडलेला आहे. जमिनीवरची फुलं गुरांच्या आधी उचलायची म्हणून लोक अंधारात निघतात आणि वाकून वेचतात. ताडोबाच्या भोवताली मोहफुलं वेचताना वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत. जाळीवरची फुलं चांगलं उजाडेपर्यंत थांबतात आणि उभ्यानं गोळा होतात. अस्वल जाळी फाडतं, ते मान्य करूनच चालावं.

एक भांडण मात्र जाळी घेऊन येते. बांधावरचा मोह ज्याचा त्याचा असतो, पण जंगलातल्या झाडाखाली जाळी ताणली की तो हक्क सांगितल्यासारखा दिसतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजाचा, म्हणजे लाकूड सोडून मोहफुलांसारख्या जंगलातल्या उत्पन्नाचा, हक्क दिला आहे, पण कोणतं झाड कोणाचं ते कायदा सांगत नाही. ग्रामसभेत झाडांची वाटणी ठरल्याशिवाय जंगलात जाळी बांधू नये.

त्यामुळे लांबवर विखुरलेली झाडं असतील, किंवा वाटणीचा प्रश्न सुटलेला नसेल, तर खराटा घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. गावाजवळची, बांधावरची दोन-चार भरघोस झाडं असतील तर पहिल्या वर्षी दोन झाडांना जाळी लावून पाहावी. सुकवणही त्याच जाळीच्या एखाद्या तुकड्यावर, जमिनीपासून उचलून करावं, नाहीतर अंगणातली माती पुन्हा चिकटते. सुकल्यावर फुलांचं वजन बरंच घटतं. मुठीत दाबून सोडल्यावर फुलं एकमेकांना चिकटली नाहीत की भरायला हरकत नाही. फुलं संपताच जाळी उतरवून, झटकून, उन्हापासून दूर ठेवावी. जंगलात सोडून दिलेली जाळी उन्हानं तुकडे होऊन मातीत जाते आणि गुरांच्या पोटातही.