चिंचेरोची शाल: जूनमध्ये घेतली, डिसेंबरात उसवली

माचूपिच्चूवर लिहिणार नाही, त्यावर ढीगभर लिहिलं गेलंय. हे पेरूतल्या कुस्को शहराजवळच्या चिंचेरो गावाहून आणलेल्या यिक्ल्याबद्दल, म्हणजे तिथल्या बायका खांद्यावर घेऊन पुढे टाचणीने अडकवतात त्या शालीबद्दल. साडेपाचशे सोल (तिथलं चलन) मोजलेत, बारा हजार रुपयांच्या वर. आणि परवा ती मधोमध उसवली! डोकंच फिरलं. रिव्ह्यूत एक तारा देऊन मोकळा होणार होतो.

आधी रफूवाल्याकडे नेली. त्याने उलटीपालटी करून पाहिली. "साहेब, फाटलं काहीच नाही, नुसती शिवण सुटलीय. पण याला कापलेली कड कुठाय?"

नाहीच. कमरेला बांधलेल्या मागावर पन्हा बेताचाच मिळतो, म्हणून दोन पट्टे विणून मधे जोडतात. प्रत्येक पट्टा चारही बाजूंनी मागावरच पुरा होतो, कात्री लागतच नाही. चाळीस रुपयांत काम झालं. तारे वाढवले.

खरी गंमत काठाची. सगळीकडून करंगळीहून बारीक, नळीसारखी गोल किनार, तिच्यावर डोळ्याडोळ्यांची नक्षी. तिकडे तिला ञावी आवापा म्हणतात. ही आयती पट्टी आणून शिवत नाहीत. किनार विणता विणताच सुईने कापडाला जखडत जातात. झोपाळ्याच्या कडीला घासली, लेकीच्या सॅकच्या चेनमध्ये अडकली, तरी धागा सुटलेला नाही. लोक रंगाचं कौतुक करतात, काठाकडे कोणी बघत नाही.

रंगही पक्का आहे म्हणा. लाल रंग निवडुंगावरच्या किड्याचा. विणकरीण बाईंनी तो तळहातावर चिरडला, वर लिंबू पिळलं तर केशरी झाला. आई दोन पावलं मागे! आजही ती शाल देवघरात नेऊ देत नाही, टीव्हीसमोर मात्र पायांवर तीच. गार पाण्यात रिठ्याने धुतो. पहिल्यांदा पाणी किंचित गुलाबी झालं, नंतर नाही. तिकडेही लोकर एका मुळाच्या फेसातच धुतात. तक्रार एकच, मेंढीची लोकर मानेला बोचते.

स्वस्तात मिळाली म्हणून कुस्कोच्या बाजारातून 'बेबी अल्पाका', म्हणजे अल्पाका या प्राण्याच्या मऊ लोकरीची म्हणून, चादरही घेतली होती. महिन्याभरात गोळे. धाग्याला काडी लावली. लोकर असती तर जळक्या केसांचा वास येऊन राख झाली असती. हा वितळून टणक मणी झाला. शुद्ध अ‍ॅक्रिलिक! सध्या गाडी पुसायला आहे.

जाणार असाल तर 24 जूनच्या इंती राय्मीला, म्हणजे इंकांच्या सूर्याच्या सणाला, साकसायवामानच्या (कुस्कोजवळचा जुना इंका किल्ला) खुर्च्यांवर पैसे घालू नका. टूरवाल्याने आमच्याकडून डॉलरमध्ये उकळले, आणि समोरच्या टेकडीवर तिथली कुटुंबं डबे घेऊन फुकट बसली होती. तो सोहळा 1944 मध्ये नव्याने उभा केलेला आहे. बघण्यासारखा आहे, पण त्या भावात नाही. तेच पैसे चिंचेरोत घाला. घेताना मधली शिवण जरा ओढून बघा, आणि सैल वाटली तर तिथेच घट्ट करून मागा.