रबरी जाळीचं मुसकं: अंगावर येणाऱ्या कुत्र्याशी ओळख करून देण्याआधी

कुत्र्यासाठी मुसकं घ्यायला गेलं की बेळगावात साधारण तीन प्रकार समोर येतात: नायलॉनच्या कापडाची नळी, लोखंडी तारेची जाळी आणि रबरी जाळी. शेजारचं कुत्रं अंगावर येतं, तरी आपल्या कुत्र्याशी त्याची ओळख व्हावी असं वाटत असेल, तर यातली फक्त रबरी जाळी कामाची. ती घेताना तिची मर्यादाही ओळखावी. ती चावा थांबवते, भीती थांबवत नाही.

कापडी नळी जबडाच बंद ठेवते. कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून. एप्रिल-मे महिन्यात तोंड बांधून अर्धा तास फिरवलं तर उष्माघात होऊ शकतो आणि चिडलेलं कुत्रं त्याहून लवकर तापतं. नळी जरा सैल झाली तर पुढचे दात मोकळे होतात, ते वेगळंच. डॉक्टरांच्या टेबलावर दोन-तीन मिनिटांपुरती ती ठीक आहे. तारेची जाळी हवेशीर आणि मजबूत असते, पण ती घातलेल्या कुत्र्यानं मुसंडी मारली की समोरच्याच्या बरगडीवर नाहीतर डोळ्यावर लोखंड बसतं. आपल्या पावसाळ्यात ती गंजतेही.

रबरी जाळी म्हणजे कोळपणीला बैलाच्या तोंडाला बांधतात त्याच रीतीची. तोंड उघडतं, धाप टाकता येते, पाणी पिता येतं, फटीतून खाऊही देता येतो. दुकानदार जात विचारून नंबर देतो, त्यावर जाऊ नका, टेपनं मापं घ्या. डोळ्यांच्या खाली अडीच सेंटिमीटरवर तोंडाचा घेर मोजायचा, तोही कुत्रं धापा टाकत असताना. मिटलेल्या तोंडाचं माप घेतलं तर जाळी नेमकी धाप टाकतानाच आवळते. लांबी त्याच रेषेपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत घ्यायची आणि नाकापुढे सुमारे एक सेंटिमीटर मोकळं ठेवायचं. मानेच्या पट्ट्याखाली एक बोट जावं, दोन जात असतील तर सैल आहे. कपाळावरून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पुढच्या पंजानं कुत्रं ती दोन झटक्यांत काढतं.

मुधोळ हाउंड पाळणाऱ्यांनी नेहमीचा आकार घेऊच नये. डोकं अरुंद, तोंड लांबट आणि नाकावरची कातडी पातळ. त्यामुळे जाळी एकतर निसटते, नाहीतर नाकावर घासून जखम करते. लांब, निमुळत्या तोंडासाठी वेगळी जाळी मिळते. तिला आतून नमद्याची, म्हणजे दाबून केलेल्या मऊ लोकरी कापडाची, पट्टी चिकटवावी.

सवय लावायला आठवडा-दोन आठवडे द्या. जाळीच्या तळाला दही किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा लावायचा आणि कुत्र्याला स्वतःहून नाक घालू द्यायचं. आधी दोन सेकंद, मग दहा, मग पट्टा न लावता मिनिटभर, मग पट्टा लावून घरातच फेरी. ज्या दिवशी दुसरं कुत्रं भेटणार त्याच दिवशी पहिल्यांदा घातली तर कुत्रं त्या अडचणीचा राग समोरच्याशी जोडून ठेवतं आणि काम सुरू होण्याआधीच बिघडतं.

पण भेट घडवायची का, हे जाळी ठरवत नाही. समोरच्या कुत्र्यानं आधी टाके पडतील असा चावा घेतला असेल, किंवा पकडून झटकलं असेल, तर नको. आपलं पिल्लू असेल, दोघांच्या वजनात मोठा फरक असेल, मादी माजावर असेल, तरी नको. शांत कुत्रं अचानक चावरं झालं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. कान, दात किंवा सांधा दुखत असण्याची शक्यता मोठी. याउलट साखळीला ताण असतानाच भुंकणारं, गुरगुरून समोरचा मागे सरला की थांबणारं कुत्रं असेल, तर प्रयत्न करायला हरकत नाही. गुरगुरण्यावर कधी ओरडू नका. ती सूचना बंद झाली की पुढे थेट दातच येतात.

जागा कुंपणाची हवी. अनगोळ, वडगावच्या गल्लीत भटकी कुत्री मध्ये आली तर जाळी घातलेल्या कुत्र्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. ओळखीच्या कुणाचं तारेचं कुंपण घातलेलं शेत उत्तम, वेळ सकाळी सातच्या आत. सुरुवातीला जाळी दोघांनाही घाला, कारण घाबरलेलं आपलं कुत्रंही चावू शकतं. साधी पाच मीटरची दोरी घ्या, आपोआप गुंडाळणारी नको. पंधरा मीटर अंतर ठेवून दोघांना एकाच दिशेनं चालवा, माणसं मध्ये. अंग सैल, शेपूट सहज हलती, मध्येच जमीन हुंगणं दिसलं तरच मीटर-दोन मीटर जवळ या. अंग ताठ, नजर रोखलेली, तोंड मिटलेलं, शेपूट उंच आणि थरथरती दिसली की मागे फिरा. हलणारी शेपूट म्हणजे खुशी, हा समज फार कुत्र्यांना महागात पडतो. मागून हुंगणं तीन सेकंद, मग हाक मारून बाजूला. आपलं कुत्रं ओठ चाटत, तोंड वळवत तुमच्या पायांमागे येत असेल तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा, त्याला पुढे ढकलू नका.

तरी जुंपलीच तर मानेच्या पट्ट्याला हात घालू नका. बादलीभर पाणी टाका किंवा मध्ये घोंगडी फेका. कुत्र्याला दात लागले असतील तर भोक बारीक दिसलं तरी आत मांस फाटलेलं असतं, त्याच दिवशी दाखवा. माणसाला लागलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठून रेबीजच्या लसीचं विचारा. कुत्र्याला लस टोचलेली असली तरीही.

आमची पसंती रबरी जाळीलाच, फक्त बकल धातूचं निवडा. प्लास्टिकची क्लिप झटापटीत तुटते. शेजारी त्याच्या कुत्र्याला जाळी घालायला तयार नसेल, तर तुम्ही खरेदीला जायची गरजच नाही.