घर, लोकल आणि माहेर: मुद्रितशोधनासाठी घेतलेला लॅपटॉप, नऊ महिन्यांनंतर

मुद्रितशोधन आणि पुस्तकांची मांडणी हे माझं काम. राहते भांडुपला. आठवड्यातले तीन-चार दिवस घरूनच काम, दोन दिवस दादरला प्रकाशकांकडे, आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा रत्नागिरीला माहेरी. तिकडे गेले तरी प्रुफं थांबत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये लॅपटॉप, मॉनिटर सगळंच नव्यानं घेतलं. त्यावर आता एक पावसाळा, गणपती आणि दिवाळी अंकांचा अख्खा हंगाम निघाला आहे, म्हणून आता लिहिते. लॅपटॉपचं मॉडेल सांगत नाही, कारण ते आता दुकानात मिळतही नाही. काय बघून घेतलं आणि ते कसं टिकलं, एवढं सांगते.

बदलायचं पहिलं कारण विंडोज. माझा जुना लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेलचा. विंडोज ११ साठी आठवी किंवा पुढची पिढी लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. म्हणजे नेमका दिवाळीच्या तोंडावर. त्या दिवसांत मला नवं मशीन लावत बसायचं नव्हतं. दुसरं कारण खांदा. १५.६ इंची, २.३ किलोचा लॅपटॉप, वर जवळपास अर्ध्या किलोचा चार्जर. सकाळी नऊच्या सुमाराला भांडुपहून दादरकडे जाणाऱ्या गाडीत सॅक पोटावरच घ्यावी लागते, आणि असं ओझं पोटावर घेऊन चाळीस मिनिटं उभं राहिलं की दिवसभर मान धरते.

नवऱ्याचं म्हणणं होतं, घरी डेस्कटॉप घे आणि प्रवासाला टॅबलेट. पैशाच्या हिशेबानं ते बरोबर होतं. डेस्कटॉपला रॅम नंतर वाढवता येते, बिघडलेला भाग तेवढा बदलता येतो. पण मराठी डीटीपीचा, म्हणजे संगणकावरच्या पानमांडणीचा, एक मोठा अडसर आहे. अजूनही कितीतरी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखाच दिसणाऱ्या अक्षरांत, येत नाही. जुन्या फाँटमधली फाइल त्या फाँटशिवाय उघडली की मराठी वाक्याच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा भुगा दिसतो. माझ्या जुन्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं डाँगल, म्हणजे किल्लीसारखी एक छोटी काडी, लावावं लागतं, त्याशिवाय ते उघडतच नाही. ते टॅबलेटला लावून काही उपयोग नाही.

याच डाँगलमुळे मी एआरएम प्रोसेसरवाले (इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या चिपचे) विंडोज लॅपटॉपही सोडले. त्यांची बॅटरी खरंच मोहात पाडते. नेहमीची जुनी सॉफ्टवेअरं त्यांच्यावर एम्युलेशननं, म्हणजे जुन्या चिपची नक्कल करून, चालतात, पण डाँगल ओळखणारा ड्रायव्हर तसा चालत नाही. तो एआरएमसाठीच बनवलेला असावा लागतो, आणि माझ्या डाँगलचा तसा ड्रायव्हर निघालेला नाही. तुमचंही काम मराठी मांडणीचं असेल तर लॅपटॉप बघायला जाताना डाँगल पर्समध्ये घेऊन जा. मी नेलं होतं, आणि दुकानातल्या मुलाकडून आधी ते लावून बघितलं, मग किंमत विचारली.

शेवटी घेतलं ते असं: १४ इंची, १.३ किलोचा इंटेलचा लॅपटॉप, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, दोन टाइप-सी पोर्ट आणि एक जुना चौकोनी यूएसबी पोर्ट. घरासाठी टाइप-सीवाला २७ इंची फोर-के मॉनिटर. वेगळा कीबोर्ड, माउस. लॅपटॉपला ७२ हजार, मॉनिटरला २७ हजार. एकूण पैशांतला एवढा वाटा मॉनिटरला देणं घरात कुणालाच पटत नव्हतं. माझ्या मते सगळ्यात योग्य खर्च तोच झाला.

त्याचं कारण देवनागरी. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात, २७ इंची फोर-केवर १६३. रोमन मजकूर ९२ मध्येही निभतो. आपल्या लिपीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मधल्या तेवढ्याशा जागेत जोडाक्षर मावायचं असतं. ‘पद्धत’ बरोबर आणि ‘पध्दत’ चूक, हे जिला रोज शोधायचं आहे तिला त्या जोडाक्षरातला द वर आहे की खाली हे दिसायला तर हवं. घ-ध, भ-म, ष-प या जोड्या तर मुद्रितशोधकाचे जुने वैरी. जुन्या मॉनिटरवर मी पान दोनशे टक्के मोठं करून वाचायची, त्यामुळे पानाचा तोल कळायचा नाही. विधवा ओळ (परिच्छेदापासून तुटून पानाच्या टोकाला एकटी पडलेली) कुठे राहिली, परिच्छेदात नदीसारखी पांढरी फट कुठे पडली, हे पूर्ण पान समोर असल्याशिवाय समजत नाही. आता डेमी आकाराची (पुस्तकांच्या नेहमीच्या मापाची) जोडपानं खऱ्या मापात समोर असतात आणि बाजूला मूळ संहिता उघडी राहते. संध्याकाळी डोळ्यांतून पाणी येणं थांबलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर मी रोज दहा-दहा तास वाचत होते, त्यामुळे हे मी खात्रीनं सांगू शकते.

मॉनिटर आणि लॅपटॉप यांच्यात एकच केबल. तीच चित्र नेते, तीच चार्ज करते. आमच्या घरात कामाचं टेबल म्हणजे खिडकीशेजारचा तीन फुटांचा कोपरा, आणि रात्री त्याच टेबलावर मुलाचा अभ्यास. केबल काढली, लॅपटॉप सॅकमध्ये टाकला की टेबल मोकळं.

पण ही एक केबल मिळवायला मला दोन चुकीच्या खरेद्या कराव्या लागल्या. फोनची टाइप-सी केबल लावली तर चार्जिंग झालं, चित्र काही येईना. फोनच्या चार्जिंग केबलीत बहुतेक वेळा चित्र नेणाऱ्या तारा नसतातच. मग स्वस्तातला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) आणला आणि त्याच्या एचडीएमआयनं मॉनिटर जोडला. चित्र आलं, पण माउस अडखळत सरकायचा. तो हब फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवत होता, हवं असतं ६० वेळा. हे तासभर नजरेला सहन होतं, दिवसभर नाही. तिसऱ्यांदा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. तिथे एका दुकानातले काका म्हणाले, “ताई, वॉट बघू नका, आधी चित्र जातं का ते विचारा.” नेमकं तेच. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधूनही चित्र जातंच असं नाही, पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्ट किंवा थंडरबोल्टची खूण आहे का ते बघावं. आणि ६० वॉटच्या वर चार्ज करायचं तर आत चिप असलेली केबल लागते.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. बॅकअपची हार्ड डिस्क मॉनिटरच्या यूएसबी पोर्टला लावली की फाइली मुंगीच्या पावलानं जायच्या. माझ्या जोडणीत फोर-के चित्र ६० च्या गतीनं जाताना केबलमधल्या सगळ्या वेगवान वाटा तेच अडवतं आणि डेटाला यूएसबी २.० चा जुना वेग उरतो. डिस्क आता थेट लॅपटॉपला लावते.

बॅटरी ५७ वॉट-तासांची. घरी लॅपटॉप सतत वायरला असतो म्हणून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधली आहे, प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी १०० करते. प्रुफं वाचणं आणि अधूनमधून मेल, एवढ्या कामाला ती सहा-साडेसहा तास पुरते. परवा विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला, क्षमता मूळच्या ९६ टक्के आहे. सॅकमध्ये ६५ वॉटचा छोटा चार्जर असतो, फोनही त्यावरच. सोबत २०,००० एमएएचची पॉवर बँक. तिच्यावर ७४ वॉट-तास असं छापलेलं आहे, ते महत्त्वाचं. नोव्हेंबरमध्ये कामानिमित्त विमानानं नागपूरला गेले तेव्हा हाच आकडा उपयोगी पडला. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सोबतच्या सामानात चालते, चेक-इनच्या बॅगेत ती टाकायचीच नसते.

आता पाऊस. १९ ऑगस्टला मुंबईत पाणी भरलं, पालिकेनं शाळा-कचेऱ्यांना सुट्टी दिली, मध्य रेल्वेची वाहतूक कोलमडली. मी घरीच होते आणि दोन दिवाळी अंकांची प्रुफं हातात होती. दुपारी वीज गेली. लॅपटॉप चालू राहिला, मॉनिटर अर्थातच मेला, आणि वायफायही. या मांडणीचा खरा कच्चा दुवा तिथे कळला. दुसऱ्याच आठवड्यात राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, अगदी कामाची वस्तू. मॉनिटरसाठी मोठा इन्व्हर्टर घ्यायला जागाही नाही आणि गरजही नाही. त्या वेळात १४ इंची पडद्यावर मी नवं वाचन करत नाही, फक्त लेखकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या चढवते.

प्रवासातही माझा हाच नियम आहे. गणपतीला २५ ऑगस्टच्या गाडीनं निघाले. खिडकीच्या उजेडात ३०० निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) पडदा फिका पडतो, हे आधी बघायला हवं होतं. निदान ४०० निट्सचा घ्या. नेटचा भरवसा धरायचा नाही. उक्षी स्टेशन सोडल्यावर करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, आणि त्याआधीही बोगद्यांमागून बोगदे आहेतच. फाइली आदल्या रात्रीच लॅपटॉपवर उतरवून ठेवते. रत्नागिरीला आईकडे जेवणाच्या टेबलावर दोन पाट एकावर एक ठेवून लॅपटॉप उंच करते, कीबोर्ड वेगळा लावते. मान सरळ राहते.

कीबोर्डावरून आठवलं. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळरचनेवर, टाइप करते. तो विंडोजमध्ये मुळातच असतो, त्यामुळे कुठल्याही मशीनवर बसले तरी बोटं चुकत नाहीत. ‘वाऱ्यावर’ मधला ऱ्य काढायला शिफ्ट-जे, मग डी, मग तिरपी रेघ. अनेक लेखक फोनवर लिहून ‘वार्यावर’ पाठवतात, आणि ती प्रत्येक जागा मला हातानं दुरुस्त करावी लागते.

तक्रार एक मोठी आहे. जुलैत एक टाइप-सी पोर्ट सैल झाला, केबल हलली की चार्जिंग तुटायचं. सेवा केंद्रानं मशीन अकरा दिवस ठेवून घेतलं, मदरबोर्ड बदलला, आणि त्या अकरा दिवसांत पर्यायी मशीन काही दिलं नाही. चार्जिंग, चित्र आणि डेटा हे सगळं एकाच भोकातून जात असेल तर ते भोक रोज झिजणार. घरी येऊन दुरुस्त करणारी वॉरंटी मी दीड-दोन हजार वाचवायला घेतली नव्हती, ते चुकलं. तेव्हा जुना लॅपटॉप कपाटातून काढला म्हणून तारखा पाळता आल्या. तो विकू नका. आता तो इंटरनेटला जोडत नाही, पण डाँगल आणि फाँट त्याच्यावर तयार आहेत.

रॅम मदरबोर्डलाच डकवलेली आहे, वाढवता येणार नाही. चित्रं भरपूर असलेल्या दोनशे पानी अंकाला १६ जीबी जेमतेम पुरली. रंगीत पुस्तकांचं काम असेल तर पहिल्यापासून ३२ घ्या. फक्त मजकूर असेल तर नको.

दिवाळीनंतर एक छोटी खरेदी केली, दुसरा ६५ वॉटचा चार्जर. तो बाबांच्या टेबलाच्या खणात रत्नागिरीलाच ठेवून आले आहे.